पाळणा आठपर्यंत चालू

साताऱ्याच्या अलीकडे हायवेला लागून जे नवं थीम पार्क झालं आहे, तिथल्या माणसांनी माझ्या अडीच वर्षांच्या नातीला फसवलं. मला नाही, तिला. मी आधी बैलांच्या आणि नंतर जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात जन्म काढला. मला फसवणारे पुष्कळ भेटले, मीही काहींना भेटलो असेन, तो धंदा आहे. पण ज्या गिऱ्हाइकाला अजून दहापर्यंत मोजता येत नाही, त्याला दिलेला शब्द मोडणं हा धंदा नव्हे. पार्कचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फुकटची जाहिरात होईल.

माझी मुलगी वैशाली पुण्यात असायची. जावयांना कॅनडात नोकरी लागली, म्हणून निघण्याआधी आठ दिवस ती लेकीला घेऊन मिरजेला आली होती. लेकीचं नाव ओवी. या आठ दिवसांत ओवी घरात सगळ्यांकडे गेली, शेजारच्या मेकॅनिककडे गेली, आमच्या मांजरामागे माळ्यावर गेली, पण माझ्याकडे आपण होऊन एकदाही आली नाही. चूक तिची नाही. माझा आवाज बाजारातला आहे. दोनशे जनावरांच्या गलक्यातून पलीकडच्या दावणीला ऐकू जावा म्हणून कमावलेला. मी फोनवर बोलायला लागलो की ती आजीच्या मागं लपायची आणि तिथून हळूच म्हणायची, “आपा लागावला.” आप्पा रागावला. मी रागावलेलो नसायचो, नुसता भाव सांगत असायचो.

जावई त्यांना न्यायला पुण्याहून निम्म्या वाटेपर्यंत येणार होते. तेव्हा मीच म्हणालो, की साताऱ्याजवळ ते पार्क आहे, तिथं जुन्या जत्रेचा देखावा आहे, हातानं फिरवायचा लाकडी रहाटपाळणा आहे. सकाळी निघू, संध्याकाळ तिथं घालवू, आणि तिथूनच तुम्ही पुण्याला जा. वैशालीनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. तिला कळलं होतं. एक संध्याकाळ मला त्या पोरीबरोबर हवी होती, आणि त्या संध्याकाळी पाळण्याचा एक फेरा हवा होता, तिला मांडीवर घेऊन. दुसरं मागणं नव्हतं.

मी कुठलाही व्यवहार आखणी केल्याशिवाय करत नाही. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं सगळं लिहून काढलं. ओवी दुपारी दीडला झोपते आणि साडेतीनला उठते. झोप मोडली तर संध्याकाळभर रडते, झोप जास्त झाली तर किरकिरते. म्हणजे चारला आत जायचं. आधी बैलगाडी, कारण जनावरं तिला आवडतात. साडेपाचला जेवण, कारण सहानंतर ती ताटाकडे बघत नाही. आणि सव्वासहाला पाळणा. सूर्य नुकता गेलेला, दिवे नुकते लागलेले, गारवा अजून बोचत नाही, अशी ती वेळ. सातला जावई फाटकाशी. मी पार्कला फोनही केला. एका मुलीनं उचलला. पाळणा किती वाजेपर्यंत, विचारलं. ती म्हणाली, आठपर्यंत चालू असतो. मी परत विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की सर. आमच्या धंद्यात दोनदा विचारून दोनदा तेच उत्तर आलं की त्याच्यावर शिक्का बसला. कागद कुणी मागत नाही.

जानेवारीचे शेवटचे दिवस होते. साडेदहाला मिरज सोडली. सांगली पार करून आष्ट्याच्या रस्त्याला लागलो तर पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर ढीग असा की मागचं काही दिसत नाही. मी दोनदा हॉर्न दाबला, तिसऱ्यांदा दाबणार तोच वैशाली म्हणाली, “आप्पा, ती मागं दचकतीय.” मी हात काढून घेतला. पुढं उसाच्या दोन बैलगाड्या लागल्या आणि ओवी खिडकीला चिकटली. “हम्मा. अजून हम्मा.” मी त्या गाड्यांच्या मागं मुद्दाम हळू चालवत राहिलो. मागच्या जीपवाल्यानं मला शिव्या दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या शिव्या उत्तर न देता घेतल्या.

पेठ नाक्यावर हायवेला लागलो आणि साडेबाराला कराड गाठलं. कृष्णा आणि कोयना जिथं समोरासमोर येऊन मिळतात, त्या घाटाच्या पायऱ्यांवर सावली बघून डबा उघडला. बायकोनं ओवीसाठी दहीभात दिला होता आणि आमच्यासाठी ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. थंडीतलं कृष्णेचं पाणी संथ आणि हिरवट असतं. लहानपणी माझे वडील, घरीदारी सगळे त्यांना आबा म्हणायचे, जनावरं घेऊन पायी कराडच्या बाजाराला यायचे तेव्हा याच पाण्यात बैल धुवायचे. मी शेपूट धरून उभा राहायचो. बैल पाण्यातून वर आला की अंगावर शिंतोडे उडवायचा आणि आबा हसायचे. आबा हसताना मला आठवतात ते तेवढ्याच एका जागी.

घाटावर एक बाई कागदाची भिरभिरी विकत होती. ओवीनं बोट दाखवलं. मी किंमत विचारली आणि सवयीनं निम्मी सांगितली. बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आवं, येवढी मोटी गाडी घिऊन आलाय, आन् भिरभिऱ्यासाटी भांडताय व्हय?”

“गाडी भांडूनच आली, मावशी.”

ती हसली, मग म्हणाली की भांडायचंच असलं तर दोन घ्या. मी दोन घेतली आणि एकावर एक फुकट मागितलं. तिनं दिलं नाही. वैशाली पदरात तोंड घालून हसत होती. ओवीनं मात्र एक भिरभिरं स्वतः ठेवलं आणि दुसरं, थोडा विचार करून, माझ्यापुढं धरलं. हातात दिलं नाही, पायरीवर ठेवलं आणि मागं सरली. मला तेवढंही पुष्कळ होतं.

गाडी सुरू झाली आणि ती ठरल्याप्रमाणे दीडला झोपली. पण एक गोष्ट मी आखणीत धरली नव्हती. गाडी थांबली की ही मुलगी जागी होते. आम्ही पावणेतीनलाच पार्कच्या फाटकापुढं पोचलो. थांबलो असतो तर सगळी संध्याकाळ गेली असती. म्हणून मी फाटकावरून तसाच पुढं गेलो, साताऱ्याच्या पुलाखालून गाडी वळवली, परत आलो, परत गेलो. तिसऱ्या खेपेला फाटकावरच्या रखवालदारानं आम्हाला सलाम ठोकला. वैशाली म्हणाली, “आप्पा, देवळात गेल्यावर सुद्धा तुम्ही एवढ्या प्रदक्षिणा घालत नाही.” उजवीकडे अजिंक्यतारा यायचा, मग तोच डावीकडे यायचा. साडेतीनला ओवीनं डोळे उघडले, बरोबर साडेतीनला, आणि मी फाटकात गाडी घातली.

बाहेरून पार्क म्हणजे सिमेंटचं गाव आहे. भिंतींना मातीचा रंग दिलेला, वर प्लॅस्टिकचं गवत. वेशीवर दोन फायबरचे पहारेकरी, त्यांच्या मिशा गळायला लागलेल्या. तिकिटावर मी दहा मिनिटं घासाघीस केली, उपयोग झाला नाही. यंत्रातून निघालेल्या तिकिटाशी बोलता येत नाही. पण आत गेल्यावर, खरं सांगतो, माझा राग जरा उतरला. जत्रेचा भाग त्यांनी चांगला मांडला आहे. बांगड्यांची पालं, रेवड्या, शेव-चिवड्याचे ढीग, एका पालावर पितळी घुंगुरमाळा. आणि मैदानाच्या टोकाला तो पाळणा.

चार लाकडी पेट्या, मधे जाड कणा, दोन्ही बाजूंनी दांडे. अगदी तसाच. मी सहा वर्षांचा असताना पुसेगावच्या यात्रेत अशाच पाळण्यात बसलो होतो. आमचं गाव वडूजच्या खाली, कोरडवाहू. आबा हेडी होते (बैलांची खरेदी-विक्री करणारे), पण दुसऱ्यांच्या बैलांचे. स्वतःचा एक बैल नव्हता. त्या दिवशी ते माझ्याबरोबर पाळण्यात बसले. पेटी वर गेली आणि मी डोळे गच्च मिटले. आबा बोलणारे नव्हते. त्यांनी अंगावरची घोंगडी माझ्या मांडीवर ओढली आणि घोंगडीखाली माझा हात धरून तीन बोटं दाबली. मी डोळे उघडले. पेटी खाली येऊन परत वर गेली, तेव्हा दोन दाबली. मग एक. मला समजलं की ते उरलेले फेरे सांगतायत. बाजारात ते ज्या बोटांनी बैलाचा भाव सांगायचे, त्याच बोटांनी ते मला सांगत होते की भिऊ नको, संपत आलं. शेवटी त्यांनी मूठ मिटली आणि आम्ही उतरलो.

ही गोष्ट मी वैशालीला सांगितली नव्हती. ती लहान होती तेव्हा मी घरी नसायचोच. सोमवारी एक बाजार, मंगळवारी दुसरा. तिला पाळण्यात बसवायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

सव्वापाचपर्यंत सगळं आखणीप्रमाणे झालं. बैलगाडीला खिल्लार जोडी होती, अंगानं बरी, पण उजवा बैल मागचा पाय जपत होता. गाडीवानाला सांगितलं, तर तो म्हणाला, “सायेब, तुमी पयलंच हाय ज्यानी वळखलं.” ओवी वैशालीच्या मांडीवर बसून सगळा वेळ बैलाच्या शेपटीशी बोलत होती. उतरल्यावर मी बैलाच्या कपाळावर हात ठेवला आणि तिला बोलावलं. ती आली. माझ्या धोतराचा सोगा एका हातानं धरून दुसऱ्या हातानं तिनं बैलाला शिवलं. बैलानं श्वास सोडला, ती किंचाळली आणि हसली. सोगा सोडला नाही.

जेवण यथातथा. पिठलं पातळ, भाकरी गार, ठेचा मात्र झणझणीत. ओवीनं भाकरीचा पापुद्रा काढून खाल्ला, थोडं दूध प्यायली. पावणेसहा झाले होते. पाळण्याला अर्धा तास होता. तेवढ्यात शेजारच्या मांडवात बैलबाजाराचा खेळ सुरू झाला. दहा मिनिटांचा खेळ, असं पाटीवर होतं. ओवी आईबरोबर रेवड्या बघत होती. मी म्हटलं, दहा मिनिटं.

खेळ असा होता: एक म्हातारा हेडी बैल घेऊन उभा राहतो, बघ्यांमधल्या एकाला बोलावतो, उपरण्याखाली हात धरून त्याला बोटांनी भाव करायला शिकवतो, आणि लोक फोनवर चित्रं काढतात. म्हाताऱ्याला सगळे तात्या म्हणत होते. पहिल्या दोन-तीन शहरी पोरांना त्यानं गमतीनं फिरवलं. मग मला धोतर-टोपीत बघून म्हणाला, “मालक, या. तुमाला तर शिकवायला नगं.”

मी हात उपरण्याखाली घातला आणि मला कळलं की हा नट नाही. अंगठा आत दुमडून बोटं सुटी ठेवायची ती पकड पुस्तकातून येत नाही. त्यानं भाव सांगितला. मी माझा सांगितला. तोंडानं तो लोकांसाठी बडबडत होता, खाली बोटं वेगळंच बोलत होती.

“बैल बगा आन् मग बोटं दाबा,” तो हळूच म्हणाला.

“बगितलाय. डाव्या खांद्याला गाठ हाय.” बाजारात पाऊल पडलं की माझी भाषा आपोआप गावाकडची होते.

“गाठ न्हवं, जुवाचा घट्टा हाय त्यो.”

“घट्टा असता तर उजव्याला बी असता.”

त्याचे डोळे बारीक झाले. आम्ही परत बोटांवर आलो. आता हे सांगायला हवं, की या व्यवहाराचा एक रिवाज आहे. उपरण्याखालून जो आधी हात काढेल त्यानं सौदा मोडला. आणि समोरचा वयानं मोठा असेल तर तो अपमान आहे. मी कधी आधी हात काढलेला नाही. तात्याही काढणाऱ्यातला नव्हता. लोकांना वाटलं खेळ रंगलाय. मी शेवटच्या बोटावर अडलो होतो. ते मी देत नव्हतो.

तेव्हा तात्या म्हणाला, “हात वळकीचा वाटतुया. कुनीकडचं तुमी?”

“वडूजच्या खालचा.”

“मंग आबा हेड्याचं व्हय. त्येचं बी असंच. समदं द्यायाचा, शेवटचं बोट सोडायचा न्हाई.” तो लोकांकडे बघायचा थांबला होता. “पुसेगावात त्येच्या हाताखाली मी शिकलो. घोंगडी असायची त्येची. लय दिसांनी ह्यो हात घावला.”

आबांना जाऊन तीस वर्षं होऊन गेली. त्यांचा एक फोटो नाही आमच्याकडं. आणि इथं सिमेंटच्या गावात एक अनोळखी म्हातारा त्यांचा हात माझ्या हातात ओळखत होता. मांडवाबाहेरून वैशालीनं हाक मारली, “आप्पा, सव्वासहा.” मी म्हटलं, आलो. तिनं परत हाक मारली. मी परत म्हटलं, आलो. मग मी शेवटचं बोट सोडलं, तात्यानं एक मागं घेतलं आणि सौदा झाला. बैल पार्कचा होता, त्याच्याशी आमचा दोघांचा काही संबंध नव्हता. पण सौदा पुरता झाला. हात बाहेर आले तेव्हा सहा पस्तीस झाले होते.

माझा वीस मिनिटांचा उशीर झाला. लपवत नाही. पण शब्द आठचा होता.

मैदानात उजेड अजून चांगला होता. ऊन गेलेलं, दिवे लागलेले. ओवी पाळण्याकडे बघत उभी होती, नाक लाल झालेलं. मी जवळ गेलो. तिनं आईकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली आणि दोन्ही हात वर केले.

“आपा, वल घे.”

आठ दिवसांत पहिल्यांदा. मी तिला उचललं. तिनं मान माझ्या खांद्यावर टेकली आणि पाळण्याकडे बोट दाखवलं. आम्ही पाळण्यापाशी गेलो तर दांड्यावरचा माणूस पेट्यांना दोरी बांधत होता.

तो म्हणाला, बंद झाला. सात वाजता कारंज्याचा खेळ असतो, म्हणून साडेसहाला इकडचं सगळं बंद करून लोकांना तिकडं पाठवायला सांगितलंय. रोजचंच आहे. मी म्हटलं, मला फोनवर आठ सांगितलंय. तो म्हणाला, फोनवर काय सांगतात ते मला माहीत नाही. मी म्हटलं, एक फेरा. तुझे हात आहेत, पाळणा आहे, उजेड आहे, पोरगी आहे. त्याला वाईट वाटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं मांडवाकडे मान वळवली. तिकडून व्यवस्थापक येत होता.

व्यवस्थापक म्हणजे तिशीचा एक गुळगुळीत पोरगा, कोट घातलेला, प्रत्येक वाक्यात तीनदा सर. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याच हातातलं तिकीट घेऊन उलटं केलं आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. कार्यक्रम आणि वेळा यांत पूर्वसूचनेशिवाय बदल करण्याचा अधिकार.

“म्हणजे ज्या मुलीनं मला आठ सांगितलं ती खोटं बोलली?”

“नाही सर. तसं नाही. ती माहिती होती. हे नियम आहेत.”

तोपर्यंत तात्या मांडवातून आला होता. त्याला सगळं न सांगता समजलं. “द्या हिकडं दांडा,” तो म्हणाला. “मी फिरवतो एक फेरा. काय लागतंय त्येला?” व्यवस्थापकानं त्याच्याकडे फक्त पाहिलं. तात्यानं दांड्यावर ठेवलेला हात परत घेतला आणि उपरण्यानं तोंड पुसलं. या वयात त्याला दुसरं कोण ठेवून घेणार. मीच त्याला म्हटलं, राहू दे तात्या.

आणि मग मी ओरडलो. तात्याच्या त्या परत घेतलेल्या हातानं माझं डोकं फिरलं. मी काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण कारंज्याकडं निघालेले लोक थांबले, एवढ्या मोठ्यानं बोललो. आमच्या बाजारात माणूस हात धरून शब्द देतो आणि मोडला तर गाव सोडतो, तुम्ही पाठीमागं अक्षरं छापता, असं काहीतरी. व्यवस्थापक सर सर करत राहिला. माझ्या खांद्यावर ओवी आहे हे मी विसरलो होतो. तिचं अंग ताठ झालं. तिनं कान झाकले, आणि मग आईकडे हात पसरून रडायला लागली. “आपा लागावला. आपा लागावला.” वैशालीनं तिला माझ्याकडून घेतलं. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं.

सात वाजता कारंजी सुरू झाली. रंगीत पाणी आणि छातीत धडधडणारं संगीत. ओवीनं डोकं आईच्या शालीत घातलं. आम्ही तीन मिनिटांत बाहेर पडलो. व्यवस्थापकानं फाटकापर्यंत येऊन दोन फुकटचे पास हातात कोंबले, जूनअखेर चालणारे. जूनमध्ये ही पोरगी कुठं असेल हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

जावई वेळेवर आले होते. सामान एका गाडीतून दुसरीत गेलं. ओवीला तिच्या खुर्चीत बसवून पट्टे बांधले. मी काचेपाशी वाकलो, आवाज जितका खाली आणता येईल तितका आणून म्हणालो, “ओवी, आप्पा जातो हं.” तिनं आईचं बोट धरलं आणि दुसरीकडे बघितलं. जावई म्हणाले, दमलीय, आता झोपेल. वैशालीनं माझ्या पाया पडताना विचारलं, “तुम्हाला तो पाळणा एवढा का हवा होता?” तेव्हा मी तिला घोंगडीची गोष्ट सांगितली, फाटकापाशी, उभ्या उभ्या, चार वाक्यांत. ती बराच वेळ माझा हात धरून उभी राहिली. मग गाडी गेली.

मी साताऱ्यात एका लॉजवर मुक्काम केला आणि सकाळी हायवेनं न जाता कोरेगाव, पुसेगाव, वडूज असा जुन्या वाटेनं निघालो. पुसेगावात यात्रा होऊन गेली होती. मैदान मोकळं, शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या, खुंट्यांची भोकं, एका कोपऱ्यात फाटकं पाल. चहावाल्याला विचारलं, लाकडी पाळणा येतो का अजून. तो म्हणाला, आता लाईटवाले मोठे येतात, लाकडी बंद होऊन बरीच वर्षं झाली. मी चहा घेऊन मैदानातून एक चक्कर मारली. पाळणा नेमका कुठं उभा असायचा ते काही केल्या ठरवता येईना. पूर्वी मला ते झोपेत सांगता आलं असतं. वडूजच्या पुढं रान तेच, हरभरा, करडई, मधे मधे माळ. गावात उतरलो नाही. उतरून कुणाकडं जायचं होतं?

मायणी, विटा, तासगाव करत दुपारी मिरजेला पोचलो. बायको दारातच होती. तिनं विचारलं, “बसली का पाळण्यात?” मी पाय धुवायला आत गेलो.

पार्कला मी पत्र लिहिलं. उत्तर म्हणून फोनवर छापील मजकूर आला, की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. ती मंडळी आता कॅनडात पोचली. तिथं म्हणे बर्फ आहे आणि ओवीला बूट आवडत नाहीत. परत यायला तीन वर्षं तरी, जावई म्हणतात. तोवर ती मांडीवर बसण्याच्या वयाची राहणार नाही.

मी तात्याच्या हातात घालवलेल्या वीस मिनिटांचं आणि खांद्यावर पोरगी असताना ओरडलो त्याचं उत्तर मी ओवीला देईन. ती विचारण्याएवढी मोठी झाली की देईन, टाळणार नाही. पण सहा पस्तीसला पाळणा जागेवर होता, फिरवणारी दोन माणसं जागेवर होती, उजेड होता, आणि एक पोरगी आठ दिवसांनी आपल्या आजोबांच्या खांद्यावर आली होती. तो एक फेरा कुणी अडवला? फोनवर आठ म्हणायला त्या मुलीला कुणी शिकवलं, आणि पाठीमागं बारीक अक्षरं छापायला कुणी सांगितलं? तो एकच माणूस असणार, आणि तो कोट घातलेला पोरगा नव्हे. त्या पार्कच्या मालकानं माझ्यासमोर यावं. पास नको, पैसे नकोत, छापील मजकूर तर नकोच. त्याचं उत्तर मला तोंडी हवं आहे, आणि देताना त्याचा हात माझ्या हातात असला पाहिजे.